नवा प्रोसेसर आणि मुका संगणक

जुने घर पाडून टाकण्याऐवजी त्याचे वासे बदलावेत आणि त्यात आणखी काही वर्षे सुखाने राहावे, ही आपल्याकडील जुनी रीत आहे. संगणकाच्या बाबतीतही पुष्कळ कुटुंबे हीच रीत पाळतात. संपूर्ण यंत्र टाकून न देता त्याचा प्रोसेसर, म्हणजे सर्व गणिते आणि निर्णय करणारा मुख्य भाग, तेवढा बदलला जातो. खर्च नव्या यंत्राच्या मानाने बराच कमी येतो आणि यंत्राचे आयुष्य वाढते.

अलीकडे या बदलाला आणखी एक निमित्त मिळाले. विंडोज १० या प्रणालीला मिळणारा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तिच्या जागी २०२१ साली आलेली विंडोज ११ ही प्रणाली इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीचे बहुतेक प्रोसेसर आणि एएमडीचे रायझन १००० मालिकेतील प्रोसेसर सामान्यतः स्वीकारत नाही. २०१७ साली हौसेने घेतलेला आणि अजून धडधाकट असलेला संगणक त्यामुळे एकाएकी निकामी ठरण्याची पाळी आली. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरचा एस. पी. रोड, अशा बाजारांतून नवा किंवा वापरलेला प्रोसेसर आणून घरीच बसवण्याचा विचार अनेकांच्या मनात येऊ लागला, तो याच कारणाने.

असाच एक गृहस्थ डोळ्यांपुढे आणावा. त्याच्याकडे २०१७ सालचा मदरबोर्ड आहे आणि त्यावर पहिल्या पिढीचा रायझन प्रोसेसर आहे. मुलीचा परीक्षेचा प्रकल्प, घराचे हिशेब, आईवडिलांची जुनी छायाचित्रे, सारे या एकाच यंत्रात आहे. तो रायझन ५००० मालिकेतील एक प्रोसेसर आणतो, रविवारी दुपारी जुना काढून नवा बसवतो आणि कळ दाबतो. पंखा फिरतो, दिवे लागतात, पडदा मात्र काळाच राहतो. तासाभराने त्याची खात्री होते की नवा प्रोसेसर जळालेला निघाला. दुसऱ्या दिवशी दुकानदार सांगतो की दोष मदरबोर्डाचा आहे, तोही बदलावा. म्हणजे काटकसरीसाठी केलेल्या उद्योगात दुप्पट खर्च उभा राहतो. वस्तुतः पुष्कळदा या दोन्ही वस्तू निर्दोष असतात. त्यांची एकमेकींशी ओळख झालेली नसते, एवढेच.

ही ओळख म्हणजे काय, हे समजण्यासाठी कळ दाबल्यानंतर पहिल्या काही क्षणांत काय घडते ते पाहिले पाहिजे. भिंतीतील वीज प्रथम एसएमपीएस या पेटीत येते. कळ दाबताच मदरबोर्ड त्या पेटीला इशारा देतो आणि पेटी १२, ५ व ३.३ व्होल्टचे प्रवाह तयार करू लागते. हे प्रवाह स्थिर झाले म्हणजे ती पेटी उलट इशारा देते. तोपर्यंत प्रोसेसर जणू दाराबाहेर थांबवून ठेवलेला असतो. इशारा मिळाल्यावर तो जागा होतो, परंतु त्या क्षणी त्याला काहीच ठाऊक नसते. स्मरणासाठी लावलेली रॅम कोठे आहे, चित्र कोणत्या वाटेने पाठवायचे, डिस्क कोणती, यांपैकी कशाचाही त्याला पत्ता नसतो. हे सर्व सांगणारी आज्ञावली मदरबोर्डावरील एका लहानशा चिपमध्ये लिहून ठेवलेली असते. तिला बायोस म्हणतात. आधुनिक यंत्रांत तिचे शास्त्रीय नाव बदलले असले, तरी व्यवहारात हेच नाव रूढ आहे.

आता मुख्य मुद्दा लक्षात येईल. बायोसमध्ये प्रत्येक पिढीच्या प्रोसेसरसाठी स्वतंत्र सूचना असाव्या लागतात. मदरबोर्ड कारखान्यातून निघाला त्या दिवशी जे प्रोसेसर जन्मालाच आले नव्हते, त्यांच्या सूचना त्यात असणे शक्य नाही. पुढे निर्माते सुधारित बायोस प्रसिद्ध करतात, पण ती आपल्या बोर्डावर चढवण्याचे काम मालकाला करावे लागते. ते न करता नवा प्रोसेसर बसवला, तर तो जागा होतो, सूचना शोधतो आणि त्या न मिळाल्यामुळे तेथेच थांबतो. पंखे फिरतात, कारण पंख्यांना फक्त वीज लागते. पडदा काळा राहतो, कारण चित्र पाठवण्याच्या पायरीपर्यंत यंत्र पोहोचलेलेच नसते.

एएमडीच्या एएम४ या सॉकेटचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. १३३१ पिनांचे हे सॉकेट २०१६ साली आले आणि रायझन प्रोसेसर त्यावर मार्च २०१७ पासून बसू लागले. त्यानंतर २०१८ साली २००० मालिका, जुलै २०१९ मध्ये ३००० मालिका आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ५००० मालिका, असे एकामागून एक प्रोसेसर त्याच आकाराच्या सॉकेटासाठी निघाले. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती, परंतु तिच्याबरोबर एक अडचणही आली. पुष्कळ जुन्या बोर्डांवरील बायोसची चिप केवळ १६ मेगाबाइटांची होती आणि इतक्या पिढ्यांच्या सूचना तीत मावेनात. तेव्हा काही निर्मात्यांनी रंगीत चित्रमय मांडणी काढून साधी मांडणी ठेवली, तर काहींनी अगदी जुन्या प्रोसेसरांच्या सूचना वगळल्या. ३०० मालिकेच्या पहिल्या बोर्डांवर ५००० मालिकेतील प्रोसेसर चालवण्यास अधिकृत मान्यता मिळाली ती २०२२ साली. वरील गृहस्थाच्या बोर्डावर २०१७ सालचीच बायोस राहिली असेल, तर त्याच्या पडद्याचे मौन यात आश्चर्य वाटण्याजोगे काही नाही.

२०१८ च्या फेब्रुवारीत याच कारणाने एक प्रसंग घडला होता. नव्याने आलेले काही रायझन प्रोसेसर दुकानात आधीपासून पडून असलेल्या बोर्डांवर सुरू होईनात. ज्यांनी दोन्ही वस्तू नव्या घेतल्या होत्या, त्यांच्याकडे बायोस सुधारण्यासाठी लागणारा जुना प्रोसेसर नव्हता. अखेर एएमडी कंपनीने अशा ग्राहकांना एक साधा जुना प्रोसेसर तात्पुरता उसना देण्याची व्यवस्था केली. बायोस सुधारावी आणि तो परत पाठवावा, असा तो व्यवहार होता.

सॉकेटात प्रोसेसर बसला म्हणजे तो चालेलच, असेही समजू नये. इंटेलच्या सहाव्या आणि सातव्या पिढीचे प्रोसेसर ११५१ स्पर्शबिंदूंच्या सॉकेटात बसत. ऑक्टोबर २०१७ मध्ये आलेल्या आठव्या पिढीसाठीही सॉकेटाचा आकडा तोच राहिला, परंतु विजेच्या काही जोडण्या बदलल्या आणि अधिकृतपणे ३०० मालिकेचा बोर्ड आवश्यक ठरला. म्हणून खरेदीपूर्वीच बोर्डावर छापलेले नाव आणि त्याची आवृत्ती टिपून घ्यावी आणि निर्मात्याच्या संकेतस्थळावरील मान्य प्रोसेसरांची यादी पाहावी. त्या यादीत प्रोसेसरच्या नावासमोर किमान कोणती बायोस हवी, तेही दिलेले असते. त्या अर्ध्या तासाने पुढचे दोन दिवस वाचतात.

बायोस सुधारण्याची योग्य वेळ म्हणजे जुना प्रोसेसर जागेवर असून यंत्र चालू आहे तीच. काही बोर्डांत जुन्या आवृत्तीवरून एकदम शेवटच्या आवृत्तीवर जाता येत नाही, मधली एखादी पायरी घ्यावी लागते. निर्मात्याच्या टिपणात तसे लिहिलेले असते. सुधारणा चालू असताना वीज जाता कामा नये, कारण अर्धवट लिहिलेली बायोस कोणत्याच प्रोसेसरला उपयोगी पडत नाही. जेथे वीज वारंवार जाते तेथे यूपीएसशिवाय हे काम करू नये, आणि वादळी पावसाच्या संध्याकाळी तर मुळीच करू नये.

परंतु नवा प्रोसेसर आधीच बसवला गेला असेल आणि यंत्र मुके झाले असेल, तर काय करावे? प्रथम मौनाचा प्रकार ओळखावा. असे प्रकार मुख्यतः चार आहेत.

पहिल्या प्रकारात काहीच होत नाही. पंखा नाही, दिवा नाही. येथे प्रोसेसरचा संशय सर्वांत शेवटी घ्यावा. एसएमपीएसच्या मागील बटण बंद राहिलेले असते, समोरच्या कळेची बारीक तार काम करताना निसटलेली असते, किंवा २४ पिनांची मुख्य जोडणी पुरती आत गेलेली नसते.

दुसरा प्रकार सर्वांत सामान्य आहे. पंखे फिरतात, पण चित्र नाही. बायोस जुनी असण्याची शक्यता येथे मोठी असते, तथापि तत्पूर्वी तीन साध्या गोष्टी पाहाव्यात. प्रोसेसरला वीज देणारी ४ किंवा ८ पिनांची वेगळी जोडणी बोर्डाच्या वरच्या कडेला असते, आणि ती लावायची राहून जाते. चित्रकार्डाची ८ पिनांची जोडणी दिसायला तशीच असली, तरी तिच्यातील तारांचा क्रम निराळा असतो, म्हणून ती तेथे बळाने बसवू नये. दुसरी गोष्ट मॉनिटरच्या तारेची. ज्या प्रोसेसरच्या पोटातच चित्रव्यवस्था असते, त्याच्याबरोबर मॉनिटरची तार थेट मदरबोर्डाला लावता येते. परंतु रायझन १००० ते ५००० या मालिकांतील ज्या प्रोसेसरांच्या नावाशेवटी जी हे अक्षर नसते, त्यांच्यात ती व्यवस्था नसते, आणि इंटेलच्या एफ हे अक्षर असलेल्या प्रोसेसरांतही नसते. जी अक्षराचा प्रोसेसर काढून बिनअक्षराचा अधिक वेगवान प्रोसेसर बसवला आणि वेगळे चित्रकार्ड लावले नाही, तर यंत्र आतून व्यवस्थित चालू असूनही पडदा काळा राहील. तिसरी गोष्ट रॅमची. रॅमच्या पट्ट्या टिचकीचा आवाज होईपर्यंत दाबाव्यात. तरीही चित्र न आल्यास एकच पट्टी लावून पाहावी. चार खाचा असलेल्या बहुतेक बोर्डांत एका पट्टीसाठी प्रोसेसरपासून दुसरी खाच सुचवलेली असते.

तिसऱ्या प्रकारात यंत्र सुरू होते आणि काही वेळाने बंद पडते, किंवा सुरू-बंद असा खेळ करीत राहते. येथे लक्ष कूलरकडे वळवावे. प्रोसेसरची उष्णता ओढून घेणारा हा धातूचा ठोकळा चारही बाजूंनी सारखा टेकला पाहिजे. नव्या कूलरच्या तळाला चिकटवलेला पातळ प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहून जातो, हे पुष्कळदा घडते. मग उष्णता अडते आणि यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद पडते. तथापि दोन-तीनदा सुरू-बंद होणे नेहमीच दोषाचे लक्षण नसते. प्रोसेसर किंवा रॅम बदलल्यावर यंत्र प्रथमच रॅमची वेगमर्यादा आजमावीत असते. २०२२ साली आलेल्या एएम५ सॉकेटाच्या बोर्डांत तर या पहिल्या आजमावणीला कित्येक मिनिटे लागत, आणि घाईने वीज तोडणाऱ्यांना ती प्रत्येक वेळी पुन्हा प्रारंभापासून पाहावी लागे. कूलर जागेवर आहे आणि त्याचा पंखा फिरतो आहे एवढी खात्री करून दहा-पंधरा मिनिटे थांबणे, हाही दुरुस्तीचाच एक भाग आहे.

चौथ्या प्रकारात चित्र येते, पण विंडोज सुरू होत नाही, आणि डिस्क सापडत नसल्याचा निरोप दिसतो. आपले सारे लेखन पुसले गेले, अशी भीती येथे वाटते. प्रत्यक्षात बायोस सुधारताना तिच्यातील सर्व पसंती मूळ स्थितीला गेलेल्या असतात. कोणत्या डिस्कपासून प्रारंभ करायचा आणि ती कोणत्या पद्धतीने वाचायची, हे पुन्हा निवडले की जुने सर्व जागच्या जागी आढळते.

पहिल्या तीन प्रकारांत बोर्ड स्वतःही काही सांगत असतो. १९८१ सालच्या आयबीएम पीसीमध्ये प्रारंभीची तपासणी यशस्वी झाल्यावर एक आखूड शिट्टी वाजत असे. आजच्या अनेक बोर्डांवर चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए व बूट अशी अक्षरे असतात. जो दिवा लागून राहील, त्या पायरीवर यंत्र अडले आहे असे समजावे. मात्र डीरॅमचा दिवा लागला म्हणून लगेच नवी रॅम आणू नये. रॅमशी बोलणारा भाग हल्ली प्रोसेसरच्याच पोटात असतो, त्यामुळे प्रोसेसरची एखादी वाकलेली पिन रॅमचा दोष भासवू शकते.

या पिनांविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. एएम४ च्या प्रोसेसरला पिना खालच्या अंगाला असतात. जुना कूलर उचलताना वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे प्रोसेसर त्याला चिकटतो आणि कुलूपबंद सॉकेटातूनही उपटून वर येतो. तेव्हा पिना वाकतात. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी यंत्र काही मिनिटे चालवून पेस्ट ऊबदार होऊ द्यावी. मग वीज तोडून कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवावा आणि नंतरच उचलावा. इंटेलच्या आजच्या सॉकेटांत आणि एएम५ मध्ये पिना बोर्डाच्या बाजूला असतात. त्या इतक्या नाजूक असतात की बोटाचा स्पर्शही टाळावा. दोन्ही प्रकारांत कोपऱ्यातील त्रिकोणी खुणा जुळल्या की प्रोसेसर स्वतःच्या वजनाने खाली बसतो. जोर लावावासा वाटला, तर काहीतरी चुकले आहे हे ओळखावे.

एवढे पाहूनही पडदा काळाच राहिला, तर वीज पूर्ण तोडून बोर्डावरची सीआर२०३२ ही नाण्याएवढी ३ व्होल्टची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवावी. त्यामुळे जुन्या पसंती पुसल्या जातात आणि जुन्या प्रोसेसरसाठी ठरवलेला एखादा वेग नव्याच्या आड येत असल्यास ती अडचण दूर होते.

त्यानंतर मात्र सर्वांत मोलाची कसोटी करावी. जुना प्रोसेसर पुन्हा बसवावा. यंत्र सुरू झाले, तर वीज, रॅम, डिस्क आणि बोर्ड हे सर्व शाबूत आहेत, हे एका फटक्यात सिद्ध होते. मग बायोस सुधारावी आणि नवा प्रोसेसर पुन्हा बसवावा. बहुतेकांची गोष्ट येथेच सुखाने संपते. सुधारित बायोस असतानाही नवा प्रोसेसर मुकाच राहिला, तर तो परत करताना दुकानदाराला सांगण्यासारखा पुरावा हाती असतो. जुना प्रोसेसर जवळ नसेल, तर काही बोर्डांवर एक निराळी सोय असते. ठराविक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह लावून एक बटण दाबले की प्रोसेसरशिवायही बायोस लिहिली जाते. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीचा असावा लागतो, फाइलचे नाव निर्मात्याने सांगितलेलेच द्यावे लागते आणि दिवा लुकलुकणे थांबेपर्यंत काहीही हलवायचे नसते.

यशाच्या क्षणीही एक धोका उभा असतो, आणि तोच सर्वांत गंभीर आहे. नव्या प्रोसेसरने पहिल्यांदा डोळे उघडल्यावर एएमडीच्या अनेक बोर्डांवर एक इंग्रजी प्रश्न दिसतो. नवा प्रोसेसर आढळला आहे, तेव्हा एफटीपीएम पुसून पुन्हा मांडावे काय, असा त्याचा आशय असतो. एफटीपीएम म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी पेटी. डिस्क बिटलॉकर या कुलपाने बंद केलेली असेल, तर तिची किल्ली या पेटीत असते. वाय हे अक्षर दाबले की पेटी रिकामी होते. त्यानंतर ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली जवळ नसेल, तर डिस्क धडधाकट असूनही तिच्यातील अक्षरही वाचता येत नाही. एन दाबल्यास जुनी नोंद तशीच राहते आणि जुना प्रोसेसर परत लावून आपला ऐवज मिळवता येतो. विंडोज ११ असलेल्या कित्येक यंत्रांत हे कुलूप मालकाच्या ध्यानात न येता लागलेले असते. म्हणून स्क्रूड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी ही किल्ली कागदावर उतरवून घ्यावी, बिटलॉकर तात्पुरता थांबवावा आणि छायाचित्रे व लेखन दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवावे. प्रोसेसर पुन्हा विकत मिळतो. आईवडिलांची छायाचित्रे मिळत नाहीत.

या साऱ्या खटाटोपात दोन पथ्ये सांभाळावीत. पहिले सुरक्षिततेचे. प्रत्येक वेळी भिंतीतील तार काढावी, कळ काही सेकंद दाबून उरलेली वीज जिरवावी आणि धातूच्या सांगाड्याला हात लावून मगच भागांना स्पर्श करावा. एसएमपीएसची पेटी कधीही उघडू नये, कारण तार काढल्यावरही तिच्यात घातक वीज शिल्लक राहू शकते. दुसरे पथ्य विचाराचे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम वहीत लिहावा. रॅमही हलवली, बॅटरीही काढली, तारही बदलली आणि यंत्र सुरू झाले, तर आनंद होईल, पण दोष कोणता होता हे कळणार नाही, आणि तो पुन्हा उद्भवला तर सर्व काही नव्याने करावे लागेल.

तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना अशी चार ओळींची टाचण खिशात घेऊन गेला असता, तर मदरबोर्ड बदलण्याचा सल्ला त्याला निमूटपणे ऐकावा लागला नसता. त्याच्या यंत्राला हवी होती ती केवळ सुधारित बायोस, आणि ती फुकट मिळते. ती चढवण्यासाठी मात्र त्याचा जुना प्रोसेसर घरात असावा लागतो. म्हणून नवा प्रोसेसर महिनाभर बिनतक्रार चालेपर्यंत जुना विकण्याची घाई करू नये. डब्यात जपून ठेवावा.